सासूसमोरचं ताट

आमच्या पाड्यावर कुणाचं पोट किती भरलंय हे त्या माणसापेक्षा सुकीला जास्त कळतं, असं मी पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. हल्ली सांगत नाही. तरी सुकीची ओळख करून द्यायची म्हटलं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

सुकी आमच्या अंगणवाडीची सेविका. मी तिच्या शेजारच्या शाळेत शिक्षिका, मंजुषाबाई. माझं माहेर-सासर दोन्ही जव्हारचं, पण नोकरीसाठी खोडाळ्यात खोली घेऊन राहते. अंगणवाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक कुडाचं कुंपण आहे, तेही निम्मं पडलेलं. त्यामुळे सुकीचं बोलणं माझ्या वर्गात स्पष्ट ऐकू येतं, आणि माझ्या पोरांचे पाढे तिच्या बायांना पाठ झालेले आहेत.

मला साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन भातावर वरण ओतलं. सुकीला मात्र असं फसवता येत नाही. तिनं माझा डबा उघडून पाहिला, त्यातला निम्मा भात काढून कुत्र्याला घातला आणि म्हणाली, "बाई, नागलीची भाकर खा. आन ती गाडी खोडाळ्यातच ठेवा. पाय दिलेत ना देवानं?" मी चिडले. वर्षभर चिडत चिडत चालत आले. साखर उतरली, गुडघेही सुधारले. तिचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "चप्पल बदला, टाच झिजलीय."

अशी ती सगळ्यांनाच बोलायची. पोराला चहात बिस्कीट बुडवून देणारी आई दिसली की तिची खैर नसायची. ताप आलेल्या मुलाला उपाशी ठेवू नका, पाणी उकळून द्या, शेंगदाणे आणि गूळ कुटून ठेवा, पहिलटकरणीनं वर्षभर डोक्यावर दोन हंडे घेऊ नयेत. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यांवरही छापलेलं आहे, पण तक्त्याला कोण घाबरतं? सुकीला घाबरायचे. तिच्या नवऱ्याला, जिव्याला, तंबाखू सोडायला लावली तेव्हा तो महिनाभर रानातच जेवला म्हणतात.

तिचं खरं भांडण होतं ते एका जुन्या समजुतीशी. पोटुशी बाई कमी जेवली की पोर लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, असं इथल्या म्हाताऱ्या सांगत आल्या. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, अडलेली बाई डोळ्यांसमोर जायची. त्या भीतीतून आलेलं हे शहाणपण. त्यामुळे पोट दिसायला लागलं की सुनेचं ताट आखूड व्हायचं. सुकीनं स्वतः तसेच दिवस काढले होते. पुढं गरोदर बायांना आणि अंगावर पाजणाऱ्यांना अंगणवाडीत दुपारचं जेवण सुरू झालं, भाकरी, डाळ, भाजी, भात, अंडं, आणि सुकीच्या हातात जणू शस्त्रच आलं.

जेवण इथंच बसून खायचं, डबा घरी न्यायचा नाही, असा नियम. सुकीनं तो कधी मोडू दिला नाही. डबा घरी गेला की आधी सासऱ्याच्या ताटात जातो, मग पोरांच्या, आणि उरलं तर त्या बाईच्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती बायांना ओळीत बसवायची, स्वतः वाढायची आणि समोर पाट टाकून बसायची. ताट रिकामं झाल्याशिवाय कुणाची उठायची टाप नव्हती. मध्येच कुणाचं तरी मनगट धरून बघायची, पापणी ओढून बघायची. "पोटातल्याला आन तुला, दोघांना मी वाढलंय. एकाचंच खाऊन उठतीस व्हय?" असं म्हणायची. बाया हसायच्या आणि खायच्या. तिच्या हाताखालून गेलेली बाळंतीण दगावली नाही, हा तिचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मग तिच्या मुलाचं, मंगेशचं लग्न झालं. मंगेश भिवंडीला गोदामात माल चढवायच्या कामावर असतो, सणावाराला येतो. सून रविना दाभोशाकडची. बारीक अंगाची, कामाला वाघीण आणि बोलायला जवळजवळ मुकी. सुकीचा जीव तिच्यावर जडला. मला म्हणाली, "बाई, मना पोरगी नव्हती. आता हाय." सासवा असं बोलतातच, पण सुकी ते मनापासून बोलत होती हे मी आजही शपथेवर सांगेन.

सुकीच्या घराण्यात एक रीत आहे. पाड्यातल्या आणखी दोन-चार घरांत आहे, सगळीकडे नाही. पहिलं लेकरू होईस्तोवर सुनेनं सासूच्या समोर जेवायचं नाही. सासूच्या नजरेसमोर घास तोंडात घालायचा नाही, मागून तर मुळीच घ्यायचं नाही. सासू जेवून ओट्यावर गेली की मग सून चुलीपाशी बसते. सुकीनं तिच्या सासूची रीत पाळली होती, रविना सुकीची पाळत होती. रीत रविनाच्या माहेरीही होती, पण ती सांगितल्याशिवाय पाळते याचं सुकीला फार कौतुक. "आजकालच्या पोरी मोबाइल बघत बघत खातात. माझी रविना माझ्यापुढं पाणीसुदीक तोंड फिरवून पिते," असं ती चारचौघींत सांगायची. ऐकणाऱ्या सासवा आपापल्या सुनांकडे बघायच्या.

रविनाला दिवस गेले आणि ती अंगणवाडीच्या ओळीत येऊन बसली. समोर पाटावर सुकी.

आता कुणालाही वाटेल की यात काय कठीण आहे. मलाही तसंच वाटलं. बाकीच्या बायांसाठी समोर सेविका बसली होती. रविनासाठी समोर सासू बसली होती. ती ओळीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायची, पदर ताटावर ओढून घ्यायची आणि शेजारी बसेल तिच्या ताटात भाकरी-अंडं सरकवायची. पुढंपुढं शेजारी धाकली बसू लागली. धाकली हे आमच्या पाड्यातल्या सोम्याच्या सुनेचं नाव. गरीब घरातली, अंगावर तान्हं पोर, सदा भुकेली. तिनं कधी नाही म्हटलं नाही, आणि तिनं का म्हणावं? रविनाचं ताट इतरांआधी रिकामं व्हायचं. सुकी म्हणायची, "बघा, माझी सून कशी जेवते."

दिवस गेल्यापासून सुकी काळजीपोटी घरीही ओट्यावर न जाता चुलीपाशीच बसून राहायची, त्यामुळे तिची पाठ फिरेल तेव्हाच रविनाला एखादा घास मिळायचा. संध्याकाळी सुकी विचारायची, "भूक हाय का?" रविना म्हणायची, "दुपारी पोटभर झालं." दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सुकी जास्तीचं वाढू लागली की रविना म्हणायची, "सकाळी घरी खाल्लंय." दोन्ही उत्तरं एकाच बाईला दिलेली, आणि तिनं दोन्ही खरी मानली. अख्ख्या पाड्याच्या थापा नुसत्या तोंडाकडे बघून ओळखणारी ही बाई! आपली सून आपल्याशी खोटं बोलणार नाही, या एका गोष्टीपाशी तिची सगळी अक्कल थांबली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वजन वाढेना, तेव्हा सुकी म्हणाली, काटक आहे, माझ्यासारखी. रक्त कमी निघालं तेव्हा मात्र ती हादरली. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या हातानं देऊ लागली. गोळी तेवढी रविना सासूसमोर घ्यायची, कारण गोळी म्हणजे जेवण नव्हे. जंताचं औषध झालं. तरी रक्त चढेना, तेव्हा सुकी तिला घेऊन जव्हारला मोठ्या दवाखान्यात निघाली. मलाही साखर तपासायची होती, म्हणून त्याच जीपनं गेले.

डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी रविनाला विचारलं, "दिवसभरात काय काय खातेस?"

उत्तर सुकीनं दिलं. सकाळी नागलीची भाकर आणि पालेभाजी, दुपारी डाळ, भात, उसळ, अंडं, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू, रात्री पुन्हा भाकर. कधी सुक्या मासळीचं कालवण. गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. डॉक्टरीणबाई ऐकतच राहिल्या. "इतकं छान कुणीच सांगत नाही हो मला," म्हणाल्या. "आहार उत्तम आहे. मग रक्त का वाढत नाही ते बघायला हवं." त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, सुया सुरू केल्या. रविना जमिनीकडे बघत होती. तिला पुन्हा कुणी विचारलं नाही.

परतीच्या जीपला वेळ होता. सुकी तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन पुन्हा आत गेली आणि आम्ही दोघी स्टँडपाशी बसलो. मी वडापाव घेतले, उगाच, तोंडात काहीतरी टाकायला. एक रविनाच्या हातात दिला. तिनं तो असा खाल्ला की मी माझा खायचं विसरले. मग मी माझा दिला. तोही गेला. केळी घेतली, ती गेली. ती चावत नव्हती, गिळत होती, आणि तिचे डोळे सारखे दवाखान्याच्या रस्त्यावर होते. लांबून सुकी येताना दिसली. रविनानं तोंड पुसलं, हातातलं अर्धं केळं पदराखाली नेलं आणि मान खाली घालून बसली. सुकीनं विचारलं, "खाशील काय?" ती म्हणाली, "नको आई, पोट भरलंय." केळं तिच्या मुठीत चुरगळत होतं.

पाड्यावर उतरल्यावर मी सुकीला कुंपणापाशी बोलावलं आणि पाहिलं ते सांगितलं. ती आधी माझ्यावरच भडकली. "माझी सून चोरून खाते? माझ्या घरात काय कमी हाय?" मी म्हटलं, कमी काहीच नाही गं, पण समोर तू आहेस. हे मी फार तिखट बोलले, पण दुसरं कसं बोलणार? ती तशीच मदतनीस माघीकडे गेली. माघी स्वयंपाक करते, ताटं घासते. माघी म्हणाली, "मना दिसायचं. पर सासू-सुनंच्या मधी मी काय बोलू?"

त्या संध्याकाळी तिनं रविनाला समोर बसवलं आणि म्हणाली, रीत गेली चुलीत, माझ्यापुढं खा. रविनानं घास घेतला. तो तोंडातच राहिला. गिळेना, थुंकवेना, डोळ्यांतून नुसतं पाणी. जन्मभर जे शिकली ते सासूच्या एका हुकमानं कसं सुटावं? सुकीनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "बाई, मी तिला जेव म्हणले का तिचा घसा बंद होतो."

मग तिनं तिला सुचलं ते केलं. दुपारी ताटं वाढली की ती अंगणवाडीतून निघून माझ्या शाळेच्या मागं येऊन बसायची, भिंतीला पाठ लावून. जेवणं उरकली की माघी हाक मारायची. घरीही सांज झाली की ती बाहेर जायची, कुणाच्याही ओट्यावर बसायची, जिव्यालाही बरोबर न्यायची. रविना जेवू लागली. माघी रोज सांगायची, आज दोन भाकरी, आज अंडी दोन. सुकी ते ऐकताना डोळे मिटून घ्यायची. पोरीच्या तोंडावर थोडी तकाकी आली. आम्हाला वाटलं, साधलं.

पण तेव्हा होळी जवळ आली होती आणि रविनाचे दिवस भरत आले होते. इतक्या महिन्यांची उपासमार थोड्या दिवसांच्या जेवणानं भरून निघत नाही. तिच्या कळा वेळेआधीच सुरू झाल्या. गाडी वेळेवर आली, दवाखान्यात सगळे हजर होते, कुणी हयगय केली नाही. पोर सहज झालं, मुलगी, मूठभर. नंतर रक्त गेलं. दुसऱ्या एखादीनं सोसलं असतं एवढंच गेलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिच्यापाशी जाऊ द्यायला तेवढंही नव्हतं. वरून बाटल्या चढवल्या, पण त्या लागल्याच नाहीत. मंगेश भिवंडीहून पोहोचला तेव्हा तिला घरी आणलेलं होतं.

मी मयताला गेले होते. रविनाच्या तोंडात घालायला कुणीतरी भाताचे चार दाणे सुकीच्या हातात दिले, तेव्हा तिनं मान वळवली आणि डोळ्यांवर पदर ओढून मग ते घातले. तिथल्या निम्म्या बायांना ते कळलं नाही. मला कळलं आणि मी तिथून उठून आले.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण पाड्यात वेगळंच सुरू झालं. सुकीची सून म्हणजे पाड्यातली सगळ्यात जास्त खाल्लेली बाई, असंच सगळ्यांना वाटत होतं. अंडी खाल्ली, लाडू खाल्ले, गोळ्या घेतल्या, वर सुया घेतल्या, आणि गेली ती रक्त वाहून. म्हाताऱ्यांनी याचा अर्थ लावला: सुकीनं सुनेचं रक्त इतकं वाढवलं की ते अंगात मावेना, फुटून बाहेर आलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग भीती वाटली. कारण हे पटण्यासारखं होतं. अंगणवाडीच्या ओळीत बाया पुन्हा अर्धं ताट ठेवून उठू लागल्या. धाकलीला पुन्हा दिवस गेल्याचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. तिनं अंडं बाजूला काढून ठेवलं. सासूनं सांगितलंय म्हणाली.

खरं काय ते सुकी, माघी आणि मी जाणत होतो, आणि धाकली, पण ती सासूपुढं काय बोलणार? माझं मत होतं की सुकीनं गप्प बसावं. झाकली मूठ आहे, राहू दे, मी आणि उपकेंद्रातली सिस्टर समजावू बायांना. सुकी म्हणाली, "तुमचं नाय ऐकणार. तुमच्या घरातली थोडीच मेली?"

तिनं सगळ्या सुनांना आणि त्यांच्या सासवांना अंगणवाडीत बोलावलं. कडेवर रविनाची मुलगी. उभी राहून तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "रक्त जास्त झालं म्हनून नाय गेली. रक्त नव्हतंच. ती जेवतच नव्हती. माझ्यापुढं जेवायचं नाय म्हनून उपाशी राहिली, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढं. मना कळलं नाय. म्हनून सांगते, खा. सासू बघू दे नायतर कोनी बघू दे, तुमी खा."

मला वाटलं, पोहोचलं. मग सोम्याची बायको, धाकलीची सासू, उठली. बाई वाईट नाही, रांगडी आहे. ती शांतपणे म्हणाली, "सुके, घरातल्या एका सुनंचं पोट तुला वाचता आलं नाय. तिचा घसा तुझ्यापायी बंद झाला. आता माझी सून मी तुझ्यापुढं कशी बसवू?"

खरं बोलून तिनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं पाड्यात म्हणतात. मला त्या म्हणणाऱ्यांचे गाल लाल करावेसे वाटतात. पण खोटं तरी काय बोलतात? गप्प राहिली असती तर जेवणानं बाई मरते हे पक्कं झालं असतं. बोलली, तर सुकीच्या समोर बाई मरते हे पक्कं झालं.

धाकली त्या दिवसापासून येत नाही. बाकीच्या दोन-तीन येतात, त्यांना माघी वाढते. सोम्याच्या घरी सुकीनं पाऊल टाकायचं नाही असं ठरलंय. सिस्टर जाते, पण सासू म्हणते धाकली शेतावर आहे, आणि ती असतेही शेतावर. सध्या आवणी चालली आहे. सातव्या महिन्याचं पोट घेऊन दिवसभर चिखलात वाकून रोपं लावते. माझा रस्ता त्याच बांधावरून जातो.

रोज शाळेत पोहोचले की सुकी कुंपणापाशी उभी असते, नातीला दूध पाजत. बोलणं एकच. "बाई, धाकली दिसली? मनगटं कशी हायेत?" मी खरं सांगते. हाडं दिसतात, डोळे खोल गेलेत. ती ऐकून घेते आणि आत जाते. मी दोनदा सोम्याच्या घरी जाऊन आले, लाडू दिले. ते अंगणातली पोरं खाताना पाहिली. ते बघून मला त्या पोरांचाही राग आला, इतकी मी खाली गेले आहे.

काल मला खरं सांगवेना. सुकीचं स्वतःचं मनगट आता धाकलीसारखं झालंय. मी म्हटलं, "बरी दिसली आज. हात जरा भरल्यासारखे वाटले. हसली माझ्याकडे बघून."

सुकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नाही.

"रविनाचे पन मना तसेच वाटायचे," ती म्हणाली, आणि मुलीला घेऊन आत गेली.